पंचेचाळीस अंशांतला सेल

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. सीताबर्डी मेन रोड. तोंडाला दुपट्टे बांधून चाललेली माणसं.)

लिथियम-आयन सेलच्या माहितीपत्रकात बहुतेक कंपन्या एक मर्यादा छापतात: ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका. मे महिन्यात नागपुरात सावलीतला पाराच तिथे पोहोचतो. बंद खोलीतलं, उभ्या कारमधलं तापमान तर विचारूच नका.

(दृश्य: तळहातावर एक सेल.)

हा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून नाव १८६५०. टॉर्चमध्ये हाच, हातातल्या छोट्या पंख्यात हाच, कित्येक पॉवर बँकांत आणि स्कूटरच्या बॅटऱ्यांतही हाच. पण त्याच्याकडून सगळ्यात निर्दयपणे काम करून घेतं ते जास्त वॅटचं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट.

व्हेपवर भारतात बंदी आहे. २०१९ च्या कायद्याने बनवणं, आयात, विक्री, जाहिरात, सगळं बंद. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी चोरवाटेने ती यंत्रं येतात, आणि तरुण पोरांच्या खिशात जातात. बंदी आहे म्हणून त्यातल्या धोक्यावर बोलायचंच नाही, हे आम्हाला पटत नाही.

यंत्राच्या पडद्यावर लिहिलेलं असतं ८० वॅट. आत सेल एकच, आणि तो उतरत उतरत ३.२ व्होल्टवर आलाय. ८० भागिले ३.२, म्हणजे २५ अँपिअर. सर्किटमध्ये वाया जाते ती वीज वेगळी. आता सॅमसंगचा २५आर हा नावाजलेला सेल घ्या. क्षमता २५०० एमएएच, सतत देता येणारा प्रवाह २० अँपिअर. म्हणजे सेल अस्सल असूनही मर्यादा ओलांडली गेली. प्रवाह दुप्पट झाला की आतली उष्णता चौपट होते. शिवाय सेल जुना होतो तसा त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतून होणारा अडथळा, वाढत जातो. पहिल्या महिन्यात जे काम तो कोमट राहून करायचा, त्याच कामाला वर्षभराने चटका देतो.

दोन सेलच्या यंत्रात भार वाटला जातो, पण जोडी एकत्र घेतलेली आणि एकत्रच वापरलेली हवी. नव्याशेजारी जुना बसवला की जुना आधी रिकामा होतो, आणि नवा त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतो.

दुकानात मात्र अँपिअर कुणी विचारत नाही, सगळे एमएएच विचारतात. मग वेष्टनावर ९९०० छापून येतं. या मापाच्या डब्यात चांगल्या कंपन्यांनाही साधारण ३५०० च्या फार पुढे जाता आलेलं नाही. खऱ्या सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरतं. खोटे पुष्कळदा बरेच हलके असतात. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून बघा.

(दृश्य: वेष्टन फाटलेला सेल, अगदी जवळून.)

इथे नीट बघा. सेलचा जवळजवळ सगळा पत्रा ऋण टोक आहे. धन फक्त वरची टोपी. टोपीच्या कडेला दोघांच्या मधे एक रिंग आणि हे पातळ प्लास्टिक, बस. प्लास्टिक फाटलेला सेल खिशात किल्ल्यांना लागला की शॉर्ट झालाच. सुटा सेल डबीतच ठेवायचा. डबी काही महाग नसते.

आत धन आणि ऋण थरांमध्ये एक पातळ पडदा असतो. १३० अंशांच्या आसपास तो वितळू लागतो, थर एकमेकांना भिडतात, आणि मग उष्णताच आणखी उष्णता तयार करत जाते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगीच्या आणि स्फोटाच्या १९५ घटना नोंदवल्या. यंत्र नळीसारखं आणि सेल टोकाला कमकुवत, त्यामुळे फुटल्यावर तो पेटत्या रॉकेटसारखा सुटतो. तोंडाजवळ धरलेलं यंत्र आहे हे.

राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून आपल्या नागपुरात आहे. स्फोटकांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या पेसोचं मुख्यालयही इथंच. पण घरात चार्जिंगला लावलेला सेल धुरायला लागला, तर त्याच्यापाशी पहिला पोहोचतो तो घरचाच माणूस. त्याने आधी मेन स्विच बंद करावा. धूर विषारी असतो, म्हणून लहान-मोठ्या सगळ्यांना बाहेर काढावं. आग छोटी असेल तर दुरून भरपूर पाणी ओतून सेल थंड करावा, कारण ज्वाळा विझल्या तरी आतून तो पुन्हा पेटू शकतो. आवाक्यात वाटत नसेल तर दार ओढून घ्या आणि १०१ लावा.

(दृश्य: पहाटेची गच्ची, मग बंद कारचा डॅशबोर्ड.)

आयुष्याचं गणितही उन्हाशीच येऊन थांबतं. पूर्ण भरलेला सेल ४० अंशांत वर्षभर पडून राहिला, तर क्षमतेचा साधारण तिसरा हिस्सा जातो. निम्म्याहून थोडा कमी भरून ठेवला, तर नुकसान त्याच्या निम्म्याहूनही कमी. उन्हाळ्यात पडून राहणारी टॉर्च, पॉवर बँक अर्धवट भरून, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. चार्जिंग पहाटे करा, गादीवर नको, उशीखाली तर नकोच. कारमध्ये काहीही सोडू नका. उन्हातून आणलेलं उपकरण लगेच चार्जरला लावू नका, आधी त्याला निवू द्या.

आणि संपलेला सेल घंटागाडीत टाकू नका. कचऱ्यात तो दबला, चिरडला की पेट घेऊ शकतो, आणि भांडेवाडीच्या डेपोला उन्हाळ्यात आगी लागतात हे नागपूरकरांना सांगायला नको. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि सेल ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.