ऑर्गनची रीड घासायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी! जुन्या ऑर्गनबद्दल बोलल्यापासून रोज एकच प्रश्न येतोय, "दादा, सूर उतरलाय, रीड कशी घासायची?" म्हणून आज फक्त तेवढंच. रीड म्हणजे हवेने थरथरून सूर देणारी पितळेची पातळ जीभ.

आधी ओळख पटकन. हा पायपेडलचा ऑर्गन. पाइपचा मोठा ऑर्गन परवडत नसे त्या चर्चमध्ये हा असायचा, आणि आपल्याकडे संगीत नाटकात बालगंधर्वांच्या गाण्यामागे हाच वाजायचा. "ही पेटीच ना?" असं विचारणाऱ्यांसाठी: पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, हा हवा आत ओढतो. म्हणजे खोलीतली धूळही आत ओढतो! ती कुठे बसते? रीडवर.

आता नीट ऐका. रीडच्या टोकाला धूळ बसली की टोक जड होतं आणि सूर उतरतो. पितळ बिघडलेलं नसतं. तुम्ही टोक घासून सूर चढवता. चार महिन्यांनी धूळ झडते आणि सूर जास्तच चढतो. मग तो उतरवायला मुळाशी घासता. दोन्हीकडून पातळ झालेली रीड एक दिवस तुटते.

आमच्या आजोबांच्या ऑर्गनचं हेच झालं. एका कारागिराने ऑर्गन उघडल्या उघडल्या कानस हातात घेतली. अकरा रीड गेल्या. घासून गेलेलं पितळ परत येत नाही हो! त्या रीड मी अजून डबीत ठेवल्यात, बघताना आजही जीव तुटतो.

मग करायचं काय? छोटा हुक लावून रीड हळूच बाहेर ओढा. कागदावर क्रमांक घालून ओळीने मांडा, जिची जागा तिथेच ती परत गेली पाहिजे. मऊ ब्रशने मुळाकडून टोकाकडे झाडा, रीडच्या जिभेखालून पातळ कागद फिरवा. परत बसवा, वाजवा. बहुतेक वेळा काम इथेच संपतं.

"तेल सोडलं तर?" असं तिघांनी विचारलंय. अजिबात नको! तेलावर धूळ चिकटून बसते.

आणि भात्याचं सांगायचं राहिलं. पट्टी न दाबता पेडल मारा आणि थांबा. भाता लगेच फुलून आला तर गळती आहे, ती बंद होईतोवर सुरांना हात लावू नका. घडीवरचं रबरी कापड तडकलेलं असतं, ते बदला. चिकटवायला सरस वापरा, म्हणजे पुढच्या माणसाला ते गरम पाण्याने सोडवता येईल.

हा बघा, मध्य सप्तकातला पंचम, कालपर्यंत दबलेला. कानस लावलेली नाही, नुसता ब्रश फिरवलाय. ऐका.

(पेडल मारून पट्टी दाबतो)