एक वीत अंतर

मागे गाज ऐकू येतेय ना, वेंगुर्ल्याच्या बाजूला आमचं घर, समुद्र पाच मिनिटांवर. काकी इथल्या भजनात गाते, गळा खणखणीत, पण घरी रेकॉर्ड केलं की आवाज विहिरीतून आल्यासारखा.

आम्ही उगाच माइकला शिव्या घालत होतो. काकीला बसवलेलं माजघरात मधोमध, चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती, खाली गुळगुळीत लादी, माइक पार हातभर लांब. अंतर दुप्पट झालं की गळ्यातनं थेट येणारा आवाज सहा डेसिबलने पडतो, भिंतींवरून आपटून येणारा मात्र जवळपास तेवढाच राहतो, म्हणजे काकीपेक्षा माजघरच जास्त गातंय.

मग माइक ओठांना चिकटवला. आता वेगळीच गंमत. आमचा माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त ऐकणारा, असा माइक अगदी जवळ आला की खर्ज फुगवतो, त्यामुळे आवाज जाडा, आणि 'पंढरी' म्हटलं की प वर धप्प! प, फ, भ म्हणताना तोंडातनं निघणारा वाऱ्याचा झोत थेट माइकच्या आतल्या पडद्यावर आदळतो.

शेवटी जमलं ते एका वितीवर, अंगठा ते करंगळी, साधारण 20 सेंटिमीटर. तेही तोंडासमोर नाही बरं का, नाकाच्या उंचीला आणि थोडा बाजूला, माइकचं तोंड काकीच्या ओठांकडे वळवलेलं, म्हणजे झोत खालनं निघून जातो आणि आवाज तेवढा माइकला मिळतो. पॉप फिल्टर, म्हणजे झोत अडवणारी माइकपुढची जाळी, नव्हता, भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणला, काम झालं.

आणि हा माइक पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून त्याची पाठ खिडकीकडे केली, काकीचं तोंड खिडकीकडे, गाज बरीच दबली. लोक माइकच्या मागे फोम लावत बसतात, पण माइक बघतोय कुठे, काकीच्या मागच्या भिंतीकडे ना? तिथे दोरीवर दोन गोधड्या टाकल्या. कोपरा टाळायचा, तिथे खर्ज साचतो. पंखा बंद, घाम पुसत गायचं. पत्र्यावर पाऊस सुरू झाला तर मात्र गपचूप चहा ठेवायचा, त्याला इलाज नाही.

काकीने हेडफोन लावून ऐकलं. आम्ही वाट बघतोय कौतुकाची, तर म्हणते कशी, "दुसऱ्या कडव्यात माझो सूर उतरलो रे, परत घेवया."