कुंपणाच्या खांबाचा खोल खड्डा: शेवटचा एक फूट कशाने काढायचा?

नमस्कार मंडळी. कुंपणाच्या खांबासाठी दीड-दोन फुटांचा खड्डा घ्यायचा असेल, तर घरातली कुदळ आणि फावडं पुरेसं आहे. पण फाटकाचा खांब आला, कोपऱ्याचा आला, किंवा उंच जाळीचा खांब उभा करायचा असला, की खड्डा तीन, साडेतीन, कधी चार फुटांवर जातो. आणि तिथे तेच फावडं एकदम निकामी होतं. आज फक्त या खोल खड्ड्याबद्दल बोलणार आहे.

इतकं खोल जायचंच कशाला? याचं उत्तर आधी देतो, कारण बरेच जण इथेच तडजोड करतात. तीन फुटांऐवजी दोनच फूट जातात आणि भरपाई म्हणून खड्डा रुंद करून त्यात भरपूर काँक्रीट ओततात. खांबाला आडवा जोर येतो तो वाऱ्याचा, ताणलेल्या तारेचा, फाटकाच्या वजनाचा. त्या जोराला अडवते खड्ड्याच्या भिंतीची न हललेली माती. वरची माती सैल असते, पावसाने मऊ पडते, उन्हात भेगाळते. खालची माती वरच्या वजनाने दाबलेली आणि घट्ट असते. शिवाय खांबाचा जितका भाग जमिनीत, तितकी त्याला सरळ राहायला मोठी टेक मिळते. म्हणून पकड खोलीबरोबर भराभर वाढते, रुंदीबरोबर मात्र हळूहळू. ढोबळ हिशेब असा की खांबाच्या एकूण लांबीचा साधारण एक तृतीयांश भाग जमिनीत जावा. मधल्या खांबांना दोन-अडीच फूट चालतं. तारेचा सगळा ताण कोपऱ्यावर आणि फाटकावर येतो, त्यामुळे तिथे साडेतीन-चार फूट घ्या. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे खड्ड्याचा तळ गोठणाऱ्या थराच्या खाली जायलाच हवा, नाहीतर गोठलेली माती खांबाला धरून वर उचलते.

आता मुद्द्यावर येऊ. खड्डा खोदणं म्हणजे दोन वेगळी कामं असतात: माती सुटी करणं आणि सुटलेली माती वर काढणं. पहिल्या फुटात दोन्ही कामं एकच हत्यार करतं, म्हणून हा फरक लक्षात येत नाही. दोन फुटांखाली गेलात की दुसरं काम जड होतं. फावड्याने माती उचलायची तर फावडं आडवं करावं लागतं, आणि अरुंद खड्ड्यात ते आडवं होतच नाही, दांडा काठाला अडतो. मग आपण काय करतो? तोंड मोठं करतो. खाली जावं तसं तोंड आणखी मोठं. शेवटी वर दोन फूट रुंद आणि तळाशी आठ इंच, असा नरसाळ्याच्या आकाराचा खड्डा तयार होतो. खांबासाठी हा सगळ्यात वाईट आकार. जी माती न हलता राहायला हवी होती, तीच आपण काढून टाकलेली असते.

आणि मेहनतीचा हिशेब बघा. तीन फूट खोल आणि 9 इंच व्यासाच्या खड्ड्यातून साधारण 37 लिटर माती निघते, म्हणजे 60 ते 70 किलो. तोच खड्डा 12 इंच व्यासाचा केला तर 67 लिटर, म्हणजे 110 ते 120 किलो. फक्त तीन इंच रुंदी वाढली आणि उपसायची माती जवळजवळ दुप्पट झाली! म्हणून हत्यार निवडताना माझी कसोटी एकच असते: हे हत्यार मला अरुंद राहून खोल जाऊ देतं का?

(पहार हातात घेऊन)

माती सुटी करण्यासाठी पहारेइतकं चांगलं दुसरं काही नाही. पाच-सहा फूट लांब, सरळ, वजनदार. टोक छिन्नीसारखं चपटं असलेली घ्या. अणकुचीदार टोक दगड फोडायला बरं, पण मातीत ते नुसतंच रुतून बसतं. पहार ढकलायची नाही, उचलून सोडायची. काम तिच्या वजनाने होतं. खाली जाताना मूठ थोडी ढिली ठेवा, म्हणजे दगडावर आपटली तर झटका मनगटात येत नाही. चपटी धार खड्ड्याच्या भिंतीला समांतर ठेवून कडेने एक फेरी मारा, मग पहार मध्याकडे किंचित कलवून ढेकूळ मोकळं करा. अशाने भिंत सरळ उभी राहते. एका वेळी पाच-सहा इंचच सुटं करा. जास्त केलंत तर खालचं ढिलं आणि वरचं ढिलं एकमेकांत दबतं आणि पुन्हा घट्ट बसतं.

सुटलेली माती वर काढायला तीन पर्याय आहेत, आणि कोणता घ्यायचा हे माती ठरवते.

पहिला, दोन पात्यांचा हाताचा डिगर. दोन दांडे, खाली समोरासमोर दोन वाकडी पाती. दांडे एकत्र धरून खाली मारायचा, दांडे फाकवायचे, पाती माती पकडतात, वर उचलायचं. मुरमाड, दगडगोट्यांच्या मातीत हाच कामाला येतो, कारण तो गोटाही पकडून आणतो. याची अडचण खोलीची आहे. पाती मिटण्यासाठी वर दांडे फाकवावे लागतात, आणि तीन फुटांच्या आसपास ते खड्ड्याच्या काठाला टेकतात. मग पुन्हा तोंड रुंद करायचा मोह. चार फूट जायचं असेल तर असा डिगर शोधा ज्याचे दांडे वर बाहेरच्या बाजूला वाकवलेले असतात किंवा ज्यात एक दांडा स्थिर राहून दुसरा फक्त तरफेसारखा चालतो. कोरडी भुसभुशीत माती पात्यातून गळत असेल तर तांब्याभर पाणी शिंपडा, ती धरू लागेल. उलट चिकणमाती पात्यांना चिकटून राहते. तिथे बाजूला पाण्याची बादली ठेवा आणि दर दोन-तीन वेळांनी पाती बुडवा.

दुसरा, हँड ऑगर. उभी नळी, वर आडवी मूठ, खाली वळलेली पाती. फिरवत खाली न्यायचा, भरला की सरळ वर ओढायचा. बिनदगडाच्या मातीत मला हा सगळ्यात आवडतो. व्यास वरपासून खालपर्यंत एकसारखा, भिंत स्वच्छ, आणि नळीला जोड देता येत असेल तर चार काय, सहा फूटही जाता येतं. पण मुठीएवढा दगड आला की हा नुसता जागीच फिरतो. मग पहार घालून दगड सुटा करा, डिगरने उचला, आणि पुन्हा ऑगर लावा.

तिसरं हत्यार फार कमी लोक वापरतात, ते म्हणजे लांब दांड्याचं, पान वाटीसारखं वाकवलेलं फावडं. विजेच्या आणि टेलिग्राफच्या खांबांचे खड्डे हाताने खोदले जायचे तेव्हा पहार आणि हे फावडं अशी जोडी असायची. याचं पान दांड्याशी काटकोनाच्या जवळ येईल इतकं वळलेलं असतं, त्यामुळे दांडा उभाच ठेवून तळातली माती उचलता येते.

तळाशी शेवटचा सुटा चुरा राहतो. त्यासाठी रिकामा डबा, किंवा ओल्या-कोरड्या कचऱ्याचा व्हॅक्युम क्लीनर असेल तर तो. कोरड्या, खडीच्या मातीत व्हॅक्युम खरंच छान काम करतो. हा चुरा काढायचा आळस करू नका. खांब त्याच्यावर उभा राहिला तर पुढे बसतो.

आता मशीन. इथे थोडं थांबून बोलतो, कारण इथे हातपाय मोडतात.

मशीन लावायच्या आधी, खरं तर पहार मारायच्याही आधी, जमिनीखाली काय आहे ते माहीत करून घ्या. विजेची केबल, पाण्याची, गॅसची पाइपलाइन, इंटरनेटची केबल. ज्या यंत्रणेच्या त्या लाइन असतील तिच्याकडून जागा दाखवून घ्या. हातातल्या पहारेला निदान काहीतरी लागल्याचं कळतं. मशीनला ते कळत नाही.

पेट्रोलवर चालणारं अर्थ ऑगर, म्हणजे जमिनीत खड्डा पाडणारं मशीन, एक माणसाचं असतं आणि दोन माणसांचंही. दहापेक्षा जास्त खड्डे असतील, माती बरी असेल, तर जरूर घ्या. पण दगड किंवा जाड मूळ लागलं की पातं अडतं आणि इंजिनाचा सगळा पीळ मुठींवर, म्हणजे तुमच्या मनगटावर, खांद्यावर, कमरेवर येतो. पाय फाकवून उभं राहा, मुठी शरीराजवळ ठेवा आणि अडलं की लगेच थ्रॉटल सोडा. शक्य असेल तिथे मशीनचं इंजिन वेगळं आणि पीळ अडवायला आडवी दांडी, अशा रचनेचं यंत्र भाड्याने घ्या. ते जड असतं, पण झटका माणसाला बसत नाही.

ट्रॅक्टरच्या मागे लागणारा ऑगर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाने फिरणाऱ्या मागच्या शाफ्टवर, फिरतो. लोंबते कपडे, उपरणं, ओढणी, मोकळे केस घेऊन त्याच्या आसपास जायचं नाही. शाफ्टवरचं कव्हर नसेल तर तो चालवायचाच नाही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: ऑगर खाली जात नाही म्हणून माणसाला त्याच्या दांड्यावर उभं करू नका. यात जीव गेलेले आहेत. जात नसेल तर पातं बोथट झालंय किंवा खाली खडक आहे, माणसाचं वजन हा त्यावरचा उपाय नव्हे. शिअर बोल्ट, म्हणजे जोर जास्त झाला की मुद्दाम आधी तुटणारा बोल्ट, तुटला तर त्याच ताकदीचा नवा घाला. कडक बोल्ट घातला तर बोल्टऐवजी गिअरबॉक्स तुटेल.

मशीन कोणतंही असो, वेग कमी ठेवा आणि दर सात-आठ इंचांना वर काढून माती झाडा. घाईने खाली सोडलं तर लाकडात स्क्रू जावा तसा ऑगर जमिनीत रुतून बसतो. तसं झालंच तर इंजिन बंद करा आणि मोठ्या पाइप पान्याने तो उलटा फिरवून सोडवा.

चिकणमातीत मशीनची आणखी एक खोड आहे. फिरणारं पातं भिंतीवर माती लिंपतं आणि ती गुळगुळीत, चकचकीत होते. अशा भिंतीला भरलेली माती किंवा काँक्रीट नीट धरत नाही, पाणीही मुरत नाही. खांब घालायच्या आधी पहारेने भिंतीला ओरखडे काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

मशीनची पोहोच बहुतेक वेळा तीन फुटांपर्यंतच असते. म्हणून चार फुटांच्या खड्ड्याला माझी पद्धत मिश्र आहे. वरचे अडीच-तीन फूट मशीनने, शेवटचा फूट पहार आणि हाताच्या डिगरने. तळाला पहार जरा बाहेर कलवून खड्डा दोन-तीन इंच रुंद करून घ्या. खाली रुंद आणि वर अरुंद असा खड्डा झाला की काँक्रीटचा पाया वर उचलला जात नाही.

माती दगडासारखी वाळलेली असेल तर आदल्या संध्याकाळी एक फूट खोदा, त्यात पाणी भरा आणि सकाळी या. जास्त पाणी नको, चिखल उपसणं कोरड्या मातीपेक्षा वाईट. वाळू ढासळत असेल तर खड्ड्याच्या मापाचा पाइप किंवा तळ काढलेला ड्रम आत सरकवत जा आणि त्याच्या आतून उपसा. मूळ लागलं तर कुऱ्हाड अरुंद खड्ड्यात चालत नाही. पहारेची धार पाजून घ्या आणि मूळ दोन ठिकाणी तोडून मधला तुकडा काढा.

आणि खडक? पहार आपटल्यावर ठण्ण आवाज येऊन ती उसळली, तर दोन-तीन ठिकाणी मारून बघा. एका बाजूला बद्द आवाज आला तर तो सुटा दगड आहे, निघेल. सगळीकडे ठण्ण वाजलं तर पहारेशी भांडू नका. मधला खांब असेल तर फूटभर सरकवा. कोपराच असेल तर रोटरी हॅमरने खडकात भोक पाडून लोखंडी सळई ग्राउटमध्ये, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणात, बसवा आणि तिच्यावर खांब धरा. नाहीतर जमिनीवरच जाळीचा मोठा पिंजरा करून तो दगडांनी भरा आणि खांब त्यात उभा करा. तारेचा ताण तोही धरतो.

सगळेच खांब खोदून लावायची गरजही नसते. मधले खांब लोखंडी असतील आणि माती दगडविरहित असेल, तर ते ठोकून बसवा. वर बंद आणि खाली उघडा असा जड पाइप येतो, तो खांबावर घालून उचलायचा आणि आपटायचा. ठोकलेल्या खांबाभोवतीची माती हललेलीच नसते, उलट आणखी दाबली जाते, म्हणून तो लगेच घट्ट असतो. मेहनतीचे खोल खड्डे फक्त कोपऱ्यांना आणि फाटकाला राखून ठेवा.

भरताना माती चार-पाच इंचांच्या थरांनी टाका आणि प्रत्येक थर पहारेच्या बोथट टोकाने चांगला ठोका, विशेषतः सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा. ठोकणं नीट झालं असेल तर खांब आत असूनही उपसलेली जवळजवळ सगळी माती परत आत बसते. ढीग उरला, तर ठोकणं कमी पडलं आहे असं समजून वरचे थर काढून पुन्हा ठोका. आणि खांब त्याच दिवशी उभा होणार नसेल तर खड्ड्यावर जाड फळी टाकून तिच्यावर दगड ठेवा. नऊ इंचांच्या तोंडात लहान मुलाचा किंवा जनावराचा पाय सहज जातो, आणि असा आत गेलेला पाय मोडू शकतो.