पंधरा वर्षांचा दादा, दहा वर्षांचं पोर आणि एक शाखा

श्रोतेहो, नमस्कार.

शनिवारची दुपार. इस्रायलमधली एखादी धार्मिक वस्ती डोळ्यांसमोर आणा. साबाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, असल्यामुळे रस्त्यावर मोटारी नाहीत, दुकानं बंद, आईवडील जेवून लवंडलेले. अशा वेळी पांढरे शर्ट घातलेली मुलंमुली गटागटानं एका बैठ्या इमारतीकडे चालत निघतात. ही इमारत म्हणजे 'बने अकिवा' या युवक चळवळीची स्थानिक शाखा. हिब्रूत तिला स्निफ म्हणतात. धार्मिक झायनवादी ज्यूंची, म्हणजे धर्म आणि ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र दोन्ही मानणाऱ्यांची, ही जगातली सर्वांत मोठी युवक चळवळ आहे. पण आज मला तिच्या मुख्य कचेरीबद्दल फारसं बोलायचं नाही. बोलायचं आहे ते या शाखेबद्दल.

सेवादलाच्या किंवा संघाच्या शाखेत बालपण गेलेल्यांना यातलं पुष्कळ ओळखीचं वाटेल. रांगा, झेंडा, गीत, गोष्ट, खेळ, सगळं आहे. फरक आहे तो शाखा कोण चालवतं यात. चौथी-पाचवीच्या मुलांचा गट सांभाळणारा मद्रिख, म्हणजे त्यांचा ताई-दादा, स्वतः दहावी-अकरावीत असतो. पंधरा-सोळा वर्षांचं वय! आठवड्यातून दोनदा, एकदा मधल्या वारी आणि एकदा शनिवारी, त्यानं किंवा तिनं वीस-पंचवीस पोरांना तासभर गुंतवून ठेवायचं. बरं, शनिवारी धर्मनियमांनी हात बांधलेले. लिहायचं नाही, रंगवायचं नाही, फोनला हात लावायचा नाही, वाद्य वाजवायचं नाही, पैसे खर्चायचे नाहीत. मग उरतं काय? गोष्ट, गाणं, वाद, नाटुकलं आणि धावाधाव. पोरांना कसं धरून ठेवायचं याचं याहून कडक प्रशिक्षण मला तरी माहीत नाही.

या सगळ्या ताई-दादांच्या वर एकच माणूस असतं, आणि ते साधारणपणे अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी. तिला कोमुनारित म्हणतात. धार्मिक मुलींना लष्करी सेवेतून सूट मिळू शकते. त्याऐवजी अनेक जणी वर्ष-दोन वर्षं राष्ट्रीय सेवा करतात, आणि शाखा चालवणं हा तिचाच एक प्रकार. ही मुलगी बहुधा परगावची असते. शाखेच्या किल्ल्या तिच्याकडे, पालकांच्या तक्रारी तिच्याकडे आणि रडणारा मद्रिखही तिच्याकडेच.

शाखेच्या वर्षाचा कळस असतो ज्यू पंचांगातल्या हेश्वान महिन्यात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास. आधीच्या तिश्री महिन्यातले सगळे मोठे सण उरकलेले असतात आणि हेश्वानात मोठा सण असा एकही नाही. ही रिकामी जागा चळवळीनं बरोबर हेरली आणि 'संघटनेचा महिना' तिथे बसवला. महिनाभर शाखा रात्री उशिरापर्यंत जागी असते. प्रत्येक गट आपल्या वाट्याची भिंत नव्यानं रंगवतो, झेंड्यांचे नाच बसतात, नाटकं बसतात, शाळेतला अभ्यास बुडतो, शिक्षक कुरकुरतात. शेवटच्या साबाथनंतर नववीच्या मुलांच्या वर्गाला, म्हणजे त्यांच्या 'शेवेत'ला, कायमचं नाव मिळतं. एका वर्षीच्या सगळ्या शाखांतल्या मुलांना एकच नाव. ते नाव जाहीर होईपर्यंत गुपित असतं, आणि पुढे पन्नाशीतली माणसंही लग्नकार्यात भेटली की एकमेकांना विचारतात, तू कोणत्या शेवेतचा?

आता थोडं मागे जाऊ. 1929 साली जेरुसलेममध्ये, ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाइनमध्ये, येहिएल एलियाश या तरुणाच्या पुढाकारानं पहिली शाखा सुरू झाली. त्या वेळी तरुणांसमोर दोन वाटा होत्या. एकीकडे समाजवादी युवक गट: शेतात राबणारे, पण धर्म सोडलेले. दुसरीकडे पारंपरिक धर्मपाठशाळा: ग्रंथांत बुडालेल्या, पण मातीपासून दूर. 1922 मध्ये स्थापन झालेल्या 'हापोएल हामिझ्राही' या धार्मिक कामगार संघटनेनं तिसरी वाट काढली. तिचं ब्रीद 'तोरा वा-अवोदा', धर्मग्रंथ आणि श्रम. बने अकिवा तिचंच अपत्य. चळवळीच्या बोधचिन्हात दशाज्ञांच्या पाट्या आहेत, आणि त्यांच्यासोबत गव्हाची ओंबी, विळा, शेतीची अवजारं.

नावही विचारपूर्वक घेतलेलं. बने अकिवा म्हणजे अकिवाची मुलं. रब्बी अकिवा हा दुसऱ्या शतकातला थोर धर्मपंडित, पण तल्मूद या ज्यू धर्मग्रंथातल्या कथेप्रमाणे चाळिशीपर्यंत निरक्षर मेंढपाळ. पाण्याच्या थेंबांनी झिजलेला दगड पाहून तो शिकायला बसला म्हणतात. पुढे रोमनांविरुद्धच्या बंडाला त्यानं पाठिंबा दिला आणि रोमनांनी त्याचा छळ करून जीव घेतला. मेंढपाळ, विद्वान, बंडखोर. तिन्ही एकाच माणसात! तरुणांना आणखी काय हवं होतं?

मुलगे आणि मुली एकाच शाखेत, हीदेखील त्या काळी धार्मिक समाजात धाडसाची गोष्ट होती. तो वाद अजून मिटलेला नाही. काही शाखा मुलामुलींचे गट वेगळे ठेवतात, आणि संपूर्ण वेगळेपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी 1980 च्या सुमारास 'अरिएल' नावाची वेगळी चळवळच काढली.

इस्रायलबाहेरच्या शाखांची एक गोष्ट सांगायलाच हवी. 1938-39 मध्ये नाझी राजवटीतून सुमारे 10,000 मुलं, बहुतेक ज्यू, आईबापांविना ब्रिटनमध्ये आणली गेली. त्यांतली दोनशेच्या आसपास मुलं उत्तर वेल्समधल्या ग्रिच नावाच्या ओस पडलेल्या किल्ल्यात ठेवली. तिथली जबाबदारी होती 'बाखाद' या संघटनेकडे. पॅलेस्टाइनमध्ये जाऊन शेती करण्यासाठी धार्मिक तरुणांना तयार करणं हे तिचं काम. ब्रिटनमधली बने अकिवा तिच्याच अंगाखांद्यावर वाढली, आणि दोन्हींमागे आर्ये हँडलर या जर्मनीतून आलेल्या तरुणाची धडपड होती. किल्ल्याचं नाव ऐकून चैनीची कल्पना करू नका. वीज नाही, पाण्याची बोंब, वर वेल्सचा हिवाळा. मुलं दिवसा आसपासच्या शेतांवर राबायची आणि एरवी प्रार्थना, अभ्यास, हिब्रू. त्यांतल्या बहुतेकांना आईवडील पुन्हा दिसले नाहीत. ब्रिटनमध्ये असं शेतीचं शिक्षण घेतलेल्या तरुणांनी 1949 मध्ये उत्तर इस्रायलमधल्या गॅलिलीत 'लावी' हा किबुत्झ, म्हणजे सामूहिक मालकीचं शेतीचं गाव, वसवला. आज तो सिनेगॉगचं, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरांचं, लाकडी सामान बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे.

इथवर गोष्ट सरळ चालते. 1967 नंतर ती वळण घेते. त्या वर्षीच्या युद्धानंतर हानान पोरात यांच्यासारख्या तरुणांनी, 1948 मध्ये गमावलेला कफार एत्झियोन हा धार्मिक किबुत्झ पुन्हा वसवला आणि धार्मिक झायनवादी तरुणाईची सगळी ऊर्जा, त्या युद्धात इस्रायलच्या ताब्यात आलेल्या वेस्ट बँकेतल्या वसाहतींकडे वळू लागली. 1974 मध्ये 'गुश एमुनिम' ही वसाहतवादी चळवळ निघाली, तिच्यात बने अकिवाच्या शाखांत वाढलेले तरुण मोठ्या संख्येनं होते. माझ्या मते 'अवोदा'चा अर्थ इथे बदलला. कष्ट करून जमीन पिकवण्याची जागा जमिनीवर ताबा सांगण्यानं घेतली. हे सगळ्यांना मान्य होतं असं नाही. 2014 मध्ये तीन इस्रायली मुलांच्या हत्येनंतर जागतिक बने अकिवाच्या तेव्हाच्या सरचिटणिसानं उघडपणे सूडाची भाषा वापरली, तेव्हा चळवळीतलेच पालक आणि माजी सदस्य त्याच्यावर तुटून पडले. त्याला माफी मागावी लागली.

आपला या साऱ्याशी संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध आहे, आणि तो गोड नाही. कोकणातले बेने इस्रायल, आपले शनिवार तेली, मराठी बोलत इस्रायलला गेले आणि दिमोना, बेरशेबा, लोद, रामले अशा गावांत स्थिरावले. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या प्रमुख रब्बींच्या कार्यालयानं त्यांच्या लग्नांवर आडकाठी आणली. का, तर आधी पूर्वजांची चौकशी करा म्हणे. हे कार्यालय ज्या धार्मिक झायनवादी प्रवाहाच्या प्रभावाखाली होतं, बने अकिवाही त्याच प्रवाहातली. बेने इस्रायल रस्त्यावर उतरले, आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेला ठराव करून सांगावं लागलं की हे सर्वार्थानं ज्यू आहेत. शाखेच्या अंगणात 'सारे भाऊ' म्हणणं सोपं असतं. अलिबागेहून आलेल्या भावाला दारात कागद मागितले गेले, हेही त्याच काळात घडलं.

श्रमाचं पुढे काय झालं, तेही सांगतो. गाझाच्या सीमेलगत 'अलुमिम' नावाचा धार्मिक किबुत्झ आहे. 1966 मध्ये बने अकिवाच्या तरुणांनी वसवलेला. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासनं तिथे हल्ला केला, तेव्हा तिथल्या शेतांवर आणि गोठ्यांत काम करणारे होते थाई मजूर आणि शेतीचं शिक्षण घ्यायला आलेले नेपाळी विद्यार्थी. त्या दिवशी अलुमिममध्ये दहा नेपाळी विद्यार्थी मारले गेले. विळा आणि ओंबी बोधचिन्हात मिरवणाऱ्या चळवळीच्या गावात विळा कधीच परक्या हातात गेला होता.

त्यानंतरच्या महिन्यांत अनेक परदेशी मजूर मायदेशी परतले, पीक तोडणीविना शेतात उभं राहिलं, आणि इस्रायलमधले हजारो स्वयंसेवक तोडणीला धावले. युवक चळवळींची मुलंही त्यांत होती. पीक निघाल्यावर ती शाळेत परत गेली. पुढच्या हंगामासाठी सरकारनं पुन्हा परदेशातूनच मजूर आणायला सुरुवात केली, आणि त्यांत भारतातून गेलेलेही आहेत.

नमस्कार.