नौपाडा ते किटी हॉक

(दृश्य: ठाण्यातलं, नौपाड्यातलं घर. टेबलावर नकाशा, जमिनीवर वजनाचा काटा.)

हा काटा एरवी पलंगाखाली असतो. एप्रिलमध्ये मात्र पंधरा दिवस तो आमच्या बैठकीच्या खोलीत मधोमध होता. बाबा बॅग उचलून त्यावर उभे राहायचे, आई आकडा वाचायची, वहीत लिहायची, आणि बॅगेतली एखादी वस्तू बाहेर यायची. आधी जास्तीची चादर गेली. मग मेतकुटाची बरणी. मेतकूट दुसऱ्या दिवशी छोट्या डबीतून परत आत आलं.

माझे आई-बाबा अमेरिकेत चार आसनांचं सेसना १७२ हे छोटं विमान भाड्याने घेऊन कॅन्सासपासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत जाणार होते. वाटेत आठ राज्यं, एकेरी अंतर साधारण दोन हजार किलोमीटर. बाबा जुहूच्या धावपट्टीवर उडायला शिकले. आपल्या परवान्याच्या आधारे अमेरिकेचा परवाना मिळतो, पण तिथे प्रशिक्षकाबरोबर उडून दाखवावं लागतं. आईकडे परवाना नाही. तिने ठाण्यातल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, आणि या प्रवासाचा हिशेब तिचा होता.

हिशेब असा. या विमानाचं उड्डाणाच्या वेळचं वजन १,१५७ किलोच्या वर जाता कामा नये. टाक्यांमधलं वापरता येणारं इंधन दोनशे लिटर, म्हणजे १४४ किलो. मागच्या कप्प्यात सामान जास्तीत जास्त ५४ किलो. बाबांनी स्वतःला ३० किलोची मर्यादा घालून घेतली, कारण तापलेल्या दुपारी हवा विरळ होते आणि तेच विमान जमीन सोडायला जास्त धावपट्टी घेतं. नुसतं वजन किती हे पाहून भागत नाही, ते कुठे ठेवलंय हेही मोजावं लागतं. आई म्हणते, हा आपल्या सी-सॉचाच हिशेब आहे.

त्याच वहीच्या पहिल्या पानावर तिने एक नियम लिहिला होता: ‘दोघांपैकी एकाने नको म्हटलं, तर नको. का, हे संध्याकाळी विचारायचं.’

(दृश्य: विमानाच्या खिडकीतून शेतं.)

सुरुवात कॅन्सासमधल्या विचिटाहून, जिथे १९२७ साली सेसना कंपनी सुरू झाली. रोज सकाळी आई पंखाखालून थोडं इंधन पारदर्शक नळीत काढून उजेडात धरायची. इंधन निळसर असतं. पाणी मिसळलेलं असेल, तर तळाशी वेगळं दिसतं.

कॅन्सासची जमीन वरून गणिताच्या वहीसारखी दिसते. जुन्या मोजणीप्रमाणे आखलेले चौकोन, मैलाला एक रस्ता, पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण. आई घड्याळ लावून रस्ते मोजायची. मिनिटाला दोनाहून थोडे जास्त मागे पडले, म्हणजे वेग बरोबर. समोर जीपीएस होता, तरी ती मोजत राहिली. मला तिचं ते मोजणं फार आवडतं.

लहान विमानतळांवर नियंत्रण कक्ष नसतो. सगळे वैमानिक एकाच रेडिओ लहरीवर आपण कुठे आहोत, कुठल्या बाजूने उतरतोय हे सांगत राहतात. आपण माळशेजच्या वळणावर हॉर्न देतो, तसंच. उतरल्यावर काही ठिकाणी गावात जेवून यायला जुनी गाडी मिळते. परत करताना पेट्रोल भरून ठेवायचं. मिसूरी, इलिनॉय, इंडियाना असे तीन दिवसांत मागे पडले. ओहायोत डेटनला राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं. तिथे एक दुपार गेली.

आणि मग डोंगर आले.

(दृश्य: धावपट्टीच्या कडेला उभं, दोरांनी बांधलेलं विमान. पाऊस.)

वेस्ट व्हर्जिनियातला सर्वांत उंच माथा १,४८२ मीटरचा. आपलं कळसूबाई १,६४६. आकड्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण येऊरचा डोंगर ढगात गेलेला ज्याने पाहिलाय, त्याला कळेल. बाबांचं उडणं बाहेर डोळ्यांनी बघून. ढगात शिरायची त्यांना परवानगी नाही.

ओहायो नदीकाठच्या एका छोट्या विमानतळावर ते तीन दिवस अडकले. दुसऱ्या दिवशी दुपारी ढग जरा उचलले. बाबांना वाटलं, दरीतून खालून निघून जाऊ. आई म्हणाली, “नको.”

बाबांनी विमान पुन्हा बांधलं.

मी त्यांना फोन केला तेव्हा ठाण्यात रात्रीचे अकरा वाजले होते, तिकडे दुपारचा दीड. बाबा गप्प होते. संध्याकाळी त्यांनी विचारलं, का? आईने नकाशावर बोट ठेवलं. दरी पुढे अरुंद होत जाते. तिथे ढग खाली आले, तर वळायला जागा उरत नाही. लहान विमानांचे कितीतरी अपघात असेच होतात: पुढचा रस्ता मोकळा असेल या भरवशावर माणूस जात राहतो. हे बाबांना माहीत नव्हतं असं नाही. पण दोन दिवस अडकलेल्या माणसाला ते आठवावं लागतं, आणि आठवण करून देणारं कुणी शेजारच्या आसनावर असावं लागतं.

चौथ्या सकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं. डोंगर, मग व्हर्जिनिया, मग समुद्र.

(दृश्य: वाळूच्या टेकड्या, गवतातले दगड.)

नॉर्थ कॅरोलायनातल्या किटी हॉकजवळची ही जागा. १७ डिसेंबर १९०३. राइट बंधूंच्या विमानाचं पहिलं उड्डाण बारा सेकंदांचं, १२० फुटांचं. आपल्या लोकलच्या दोन डब्यांपेक्षाही कमी. विमान जिथे टेकलं, तिथे दगड उभा आहे. शेजारीच छोटी धावपट्टी आहे, त्यामुळे तिथे विमानाने येता येतं. आई-बाबा तसेच आले.

बाबा सुरुवातीच्या खुणेपाशी थांबले. आई चालत गेली, पावलं मोजत.

“बावन्न,” तिने तिकडून ओरडून सांगितलं.

बाबांनी वहीत लिहिलं. त्यांना अजून थोडं थांबायचं होतं. त्याच दिवशीच्या चौथ्या उड्डाणाचा दगड बराच पुढे आहे. आईने समुद्राकडे पाहिलं. क्षितिजावर ढग जमत होते, आणि या धावपट्टीवर इंधन मिळत नाही.

ती काही बोलायच्या आत बाबांनी बॅग उचलली.