हेड मिळालं नाही, म्हणून इंजिन गेलं

[उद्यमबाग, बेळगाव. मशीन शॉपचं टेबल. टेबलावर काळपट, जड, ओतीव लोखंडाचं सिलिंडर हेड.]

हे हेड, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरचं झाकण, एमजीए गाडीचं. १९५५ साली इंग्लंडात बाजारात आलेली, दोघांना बसता येईल अशी उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी. इंजिन १४८९ सीसी, त्याला दोन एसयू कार्ब्युरेटर आणि सुरुवातीच्या गाड्यांची ताकद ६८ हॉर्सपॉवर.

मिस्त्रींचं बोट जिथं थांबलंय तिथं बघा. दोन व्हॉल्व्हच्या सीटच्या, म्हणजे झडपा टेकतात त्या कडांच्या, मधोमध एक भेग आहे. डोळ्याला धड दिसत नाही, नखाला लागते. इंजिन तापलं की ती उघडते, पाणी सिलिंडरमध्ये उतरतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे सुटतात. गाडीचा पत्रा चांगला, चासी चांगली, क्रँक चांगला. तरीही एवढ्या एका भेगेपायी ती वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी राहते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अशा उभ्या गाड्यांची गोष्ट एकेकाळी ठरलेल्या वाटेनं जायची. हेड फुटलं की नवं शोधायचं. आयातीवर बंधनं होती, परवाने होते, जबर कर होता. विलायती गाडीचं हेड मागवणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. मग मालक म्हणायचा, जाऊ दे, डिझेल बसवू.

[राष्ट्रीय महामार्ग. कोगनोळीजवळची वाहतूक. जुन्या अ‍ॅम्बॅसिडरची छायाचित्रं.]

आज जुन्या गाड्यांचे शौकीन अशा डिझेल गाड्या बघून नाक मुरडतात. त्यांनी जरा थांबावं. १९८०च्या सुमारास हिंदुस्थान मोटर्सनं अ‍ॅम्बॅसिडर डिझेलमध्ये आणली. तिचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं, १४८९ सीसीचं. एमजीएचं पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं आणि तेवढ्याच सीसीचं. म्हणजे बेळगावच्या टॅक्सीत धडधडणारं डिझेल आणि त्या देखण्या स्पोर्ट्स गाडीचं पेट्रोल हे सख्खे चुलत भाऊ. फरक एवढाच की हा भाऊ चाळीस हॉर्सपॉवरच्या आतबाहेरचा.

दुसरा पर्याय पुण्याहून यायचा. बजाज टेम्पो आपल्या गाड्यांसाठी मर्सिडीजचं ओएम ६१६ हे २.४ लिटरचं डिझेल इंजिन परवान्यानं बनवत होती. ते जीपमध्ये बसलं, अ‍ॅम्बॅसिडरमध्ये बसलं, जिथं जिथं बॉनेट बंद होईल तिथं बसलं. महिंद्राच्या पेट्रोल जीपमधली हरिकेन इंजिनं उतरवून त्या जागी प्यूजोची डिझेल चढली. डिझेल स्वस्त, पेट्रोल महाग, हा हिशोब घरोघरी पाठ होता. सरकारनं पेट्रोलचे दर २०१० साली आणि डिझेलचे २०१४ साली बाजारावर सोडले. तिथून पुढं ती दरी बुजत गेली. त्याआधी मात्र डिझेल बसवणं हा चैनीचा नव्हे, निभावण्याचा निर्णय होता. त्या निर्णयामुळं कितीतरी गाड्या भंगारात गेल्या नाहीत, हे मला मोलाचं वाटतं.

आणि इथल्या हातांना डिझेल नवं नव्हतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढं कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर इथंच तयार झाले. जागा सोडावी लागली तेव्हा १९१०मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्याच घराण्याची ऑइल इंजिनं नंतर विहिरीविहिरीवर बसली. उसाला पाणी डिझेलवर, गुऱ्हाळाचा चरक डिझेलवर, वीज नसलेल्या गावातली पिठाची गिरणीही डिझेलवर. नोझल साफ करणं, पंपाचं टायमिंग लावणं, हेड उतरवून व्हॉल्व्ह घासणं हे काम या भागातली पोरं गाडीच्या आधी विहिरीवर शिकली. शेजारच्या कोल्हापुरात ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांवर अख्खं उद्यमनगर उभं राहिलं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आणि मच्छ्याच्या फाउंड्र्या आजही त्याच ओतकामावर चालतात.

[टेबलाजवळ गाडीचा तरुण मालक आणि मिस्त्री.]

“मामा, हेच हेड घासून घासून कॉम्प्रेशन वाढवलं तर डिझेल होईल की!”

“तसं होत न्हाई, बाळा. बस हितं, हिशोब घाल.”

हिशोब असा. १४८९ सीसी भागिले चार, म्हणजे एका सिलिंडरचे ३७२ सीसी. पेट्रोल एमजीएचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातली हवा कितीपट दाबली जाते ते माप, साधारण ८.३. याचा अर्थ पिस्टन वर आला की त्याच्या डोक्यावर ५१ सीसी जागा उरते. त्याच मापाच्या बी-सिरीज डिझेलचं कॉम्प्रेशन सुमारे २३. तिथं उरते फक्त १७ सीसी. ३४ सीसी जागा घासून काढायची तर आठ मिलिमीटरपेक्षा जास्त लोखंड उतरवावं लागेल. तेवढ्यात हेडच्या आत पाणी खेळतं त्या पोकळीपर्यंत, म्हणजे जॅकेटपर्यंत पोचायची वेळ येईल.

आणि जागा कमी करून भागत नाही. जुन्या डिझेल हेडमध्ये एक वेगळी छोटी कोठी असते. दाबलेली हवा तिच्यात गरगरत शिरते, नोझल तिथंच इंधन फवारतं, पेट तिथं घेतला जातो आणि मग ज्वाला मुख्य सिलिंडरमध्ये येते. त्या दाबासाठी हेडचा तळ जाड, बोल्ट दणकट आणि पिस्टन वेगळे लागतात. पेट्रोलचं हेड आणि डिझेलचं हेड बाहेरून सारखी दिसली तरी आतून दोन वेगळी यंत्रं आहेत. म्हणून बदलायचं तर पूर्ण इंजिन बदलतात.

आता पूर्ण इंजिन बदलल्यावर काय होतं ते बघू. एमजीएच्या वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला हजार फेऱ्यांना गाडी ताशी साधारण २७ किलोमीटरच्या वेगानं जाते. पेट्रोल इंजिन साडेपाच हजारांपर्यंत खुशाल फिरतं. जुनं डिझेल चार हजारांना धापा टाकतं, म्हणजे गाडी १०८वर संपली. मागच्या चाकांना फिरवणारा गिअर, म्हणजे डिफरन्शियल, ४.३चा होता, तो ३.९चा घातला तर थोडा वेग परत मिळतो, पण मग चढावर दम जातो. गिअरबॉक्स दुसऱ्या घराण्याचा असेल तर मध्ये अडॅप्टर प्लेट करून घ्यावी लागते. तिचं केंद्र जरा सरकलं की क्लच आणि बेअरिंग खाल्लं जातं. डिझेलला हवा रोखणाऱ्या थ्रॉटलमुळं मिळणारी ओढ (व्हॅक्यूम) नसते, म्हणून ब्रेक बूस्टर असलेल्या गाडीला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. टाकीकडं परत जाणारी इंधनाची नळी टाकावी लागते. माउंटिंगचे रबर मऊ करावे लागतात, नाहीतर आरसे थरथरतात आणि डॅशबोर्डचे स्क्रू गळतात.

डिझेलला वेगाचं वावडं आहे असं मात्र नाही. १९५२ साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत कमिन्सच्या डिझेल गाडीनं पात्रता फेरीत पहिला नंबर पटकावला होता. २००६मध्ये ऑडीच्या डिझेल गाडीनं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पण त्या गाड्या डिझेल डोळ्यांपुढं ठेवूनच घडवल्या होत्या. हलक्या चासीच्या, हलक्या नाकाच्या जुन्या स्पोर्ट्स गाडीत टॅक्सीचं इंजिन बसवलं की ती चालते, पण वळणावर तिचं नाक जड होतं. त्या गाडीचं जे काही खास होतं ते वळणावरच होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. त्या काळी डिझेल बसवलं ते योग्य केलं. आज मात्र हेड ओतून घ्यावं. ते ओतणारे हात आपल्या गावात आहेत.

[फाउंड्री. पॅटर्न शॉप. लाकडी आणि रेझिनचे नमुने.]

बी-सिरीजचं हेड हॅरी वेस्लेक या इंग्लिश तंत्रज्ञाच्या विचारातून आलं. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा ज्वलनकक्ष ही त्याची ओळख. त्यात पाच पोर्ट, म्हणजे हवा-धुराची दारं, आहेत. दोन इनटेक, प्रत्येक दोन सिलिंडरांत वाटलेला, आणि तीन एक्झॉस्ट. सगळे एकाच बाजूला. शेजारचे दोन सिलिंडर एकाच दारातून श्वास घेतात, म्हणून वरच्या फेऱ्यांना इंजिन गुदमरतं. हे ओळखून साठच्या दशकात इंग्लंडात एचआरजी-डेरिंग्टन नावाचं अ‍ॅल्युमिनियम हेड निघालं. त्यात हवा एका बाजूनं आत येते आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते. खुद्द कंपनीनंही १९५८मध्ये एमजीए ट्विन कॅम काढली, अ‍ॅल्युमिनियमच्या अशाच क्रॉसफ्लो हेडची. पण तिचं कॉम्प्रेशन ९.९ ठेवलं आणि पिस्टन जळायला लागले. पुढं ते ८.३वर आणावं लागलं. नवं हेड बनवणाऱ्यानं ही गोष्ट विसरू नये. हेड बदललं की कार्ब्युरेटर, टायमिंग, इंधन सगळं पुन्हा जुळवावं लागतं.

काम सुरू होतं ते एका फुटक्या हेडचा बळी देऊन. ते करवतीनं आडवं-उभं कापतात. तेव्हा कुठं आतल्या पाण्याच्या वाटा दिसतात, कुठं भिंत पाच मिलिमीटर आहे आणि कुठं आठ, हे कळतं. बाहेरचा आकार आता थ्रीडी स्कॅनरनं घेता येतो. आतला मात्र कापल्याशिवाय किंवा सीटी स्कॅन केल्याशिवाय हाती लागत नाही.

मग पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उठवायचा नमुना. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. पंचेचाळीस सेंटीमीटर लांबीच्या हेडसाठी पॅटर्न साडेचार मिलिमीटरनं लांब करावा लागतो. अ‍ॅल्युमिनियम सव्वा टक्क्याहून थोडं जास्त आकसतं. म्हणून लोखंडासाठी केलेल्या पॅटर्नवरून अ‍ॅल्युमिनियम ओतून चालत नाही. पॅटर्न मेकरची पट्टीच वेगळी असते, आकसण्याचं माप धरूनच तिच्यावर रेघा असतात. त्या पट्टीवर अचूक काम करणारे जुने कारागीर या भागात अजून आहेत. त्यांच्याकडून शिकणारे मात्र हवेत, आणि आत्ता हवेत.

[कोअर शॉप. वाळूचे कोअर हातात घेतलेले कारागीर.]

सगळ्यात अवघड असतो पाण्याच्या जॅकेटचा कोअर. वाळू आणि रेझिनचा हा नाजूक तुकडा साच्याच्या पोटात अधांतरी बसतो. त्याच्याभोवती १३५० ते १४०० अंश सेल्सिअसचं लोखंड ओतलं जातं. रेझिन जळून वायू सुटतो. त्या वायूला बाहेर जायला वाट ठेवली नाही तर तो लोखंडात शिरतो आणि हेडमध्ये पोकळ्या राहतात. कोअर एक मिलिमीटर जरी उचलला गेला तरी एक भिंत जाड, दुसरी पातळ होते. पातळ भिंत म्हणजे उद्याची भेग. पूर्वी एका हेडसाठी कोअर बॉक्स बनवणं परवडत नव्हतं. आता वाळूचे कोअर थेट थ्रीडी प्रिंट होतात. त्यामुळं एक-दोन हेड ओतणंही शक्य झालंय.

ओतण्याआधी भट्टीतल्या रसात फेरोसिलिकॉन टाकतात. पाचरीसारखा छोटा तुकडा ओतून, मोडून त्याचा रंग बघतात. टोकाला पांढरेपणा किती आला यावर रस ठीक आहे की नाही ते ठरतं. हेडसाठी एफजी २६० दर्जाचं करडं ओतीव लोखंड चांगलं. ओतून झाल्यावर घाई नको. साच्यातच हळू थंड होऊ द्यायचं, आतला ताण काढायला पुन्हा तापवायचं, जॅकेटमधली वाळू कणाकणानं झाडायची. वाळूचा एक खडा राहिला तरी तो पुढं पाण्याच्या पंपात जातो.

अ‍ॅल्युमिनियम निवडलं तर एलएम २५ मिश्रधातू घ्यावा आणि ओतल्यावर उष्णोपचार पूर्ण करावा. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास तिप्पट वेगानं उष्णता ओढतं, वजन घटतं, कॉम्प्रेशन थोडं वाढवता येतं. पण व्हॉल्व्हच्या सीट, गाइड आणि स्टडचे आटे, सगळ्यांना वेगळे धातू बसवावे लागतात.

कठीण सीट लोखंडी हेडलाही हव्यातच. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसंविरहित पेट्रोलच मिळू लागलं. जुन्या हेडमधल्या मऊ सीटना शिशाचा लेप राखत होता. तो गेला आणि व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतू लागले. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. बेळगाव जिल्ह्यातला ऊसच त्यात येतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यानं मिश्रण पातळ होतं, व्हॉल्व्ह जास्त तापतात. कार्ब्युरेटरच्या सुया जाड मिश्रणाच्या घ्याव्यात, रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात. नवं हेड बसवून जुन्या नळ्या ठेवणारे लोक भेटतात, तेव्हा वाईट वाटतं.

[आरटीओच्या रांगेतील गाड्या. केए-२२, केए-२३, एमएच-०९ पाट्या.]

कायद्याची बाजूही हेडच्याच पारड्यात पडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे गाडीत असा बदल करायला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. डिझेल बसवलं की इंजिन नंबर आणि इंधन दोन्ही बदलतात, आरसी बुकावर नोंद घ्यावी लागते. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. अशा गाडीला रोजच्या फिरण्याची मुभा नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्तीपुरती रस्त्यावर आणता येते. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. त्याच घडणीचं हेड ओतून बसवलं तर नंबर तोच राहतो.

[हेड ब्लॉकवर उतरतं आहे. टॉर्क रेंच.]

बसवण्याआधी शॉपमध्ये गरम पाण्यात बुडवून, हवेचा दाब देऊन गळती तपासून घ्या. चारही ज्वलनकक्ष ब्युरेट या मापाच्या नळीनं तेल सोडून मोजा, सगळ्यांचं माप सारखं यायला हवं. सरळ पट्टी ठेवून सपाटी बघा. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्यानं ताणा. पहिले काही शे किलोमीटर झाले की थंड इंजिनावर नट पुन्हा तपासा, टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट पुन्हा लावा आणि रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग येतो का बघा.