धार बदलता येईल असा चाकू

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुमच्याशी घरातल्या एका लहानशा चाकूबद्दल बोलणार आहे. स्वयंपाकघरातली सुरी बाजूला ठेवू, तिचं काम वेगळं आणि तिची निगाही वेगळी. मी म्हणतेय तो खोकं उघडायचा, सुतळी कापायची, पुठ्ठा चिरायचा, चिकटपट्टी सोडवायची, अशा बारीकसारीक कामांचा चाकू. कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये तो पडलेला असतो, हवा तेव्हा सापडत नाही आणि सापडलाच तर त्याला धार नसते.

माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीवर एक व्रण आहे. आता फिकट झालाय, पण हात फिरवला की अजून लागतो बोटाला. एक मोठं खोकं घरी आलं होतं, त्याला रुंद प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधलेली होती. मी घरातला जुना कटर घेतला. चार वर्षं त्यात तेच पातं होतं. पट्टी कापेना, म्हणून मी जोर लावला. आणखी लावला. डाव्या हातानं खोकं दाबून धरलं होतं, आणि तेही नेमकं पात्याच्या वाटेत. पट्टी एकदम सुटली, आणि एवढा वेळ अडून राहिलेला सगळा जोर सरळ माझ्या बोटावर आला.

बोट बांधून झाल्यावर बाबांनी तो कटर हातात घेतला. वहीचा एक कागद उभा धरला आणि त्यावरून पातं अलगद ओढलं. कागद कापला गेलाच नाही. आधी दुमडला, मग चुरगळला आणि शेवटी फाटला. बाबा एवढंच म्हणाले, "अगं, याला धार आहे कुठे?"

घरोघरी उलटी समजूत असते. मुलं आहेत, म्हणून धारदार काही नको, थोडा बोथटच बरा. पण धारेचं पातं नुसतं ओढलं तरी चालतं, हात सैल राहतो, कुठे थांबायचं ते आपल्याला कळतं. बोथट पात्याला रेटावं लागतं, आणि रेटताना ते कधी सुटेल ते आपल्या हातात नसतं. मुलांपासून चाकू दूर ठेवायचा तर उंचावर ठेवा, बंद डब्यात ठेवा. बोथट ठेवून मुलांचं रक्षण होत नाही, उलट ज्याच्या हातात तो असतो त्यालाच इजा होते.

म्हणून घरासाठी चाकू घेताना मी स्वतःला पहिला प्रश्न हा विचारते: याची धार गेली की मी काय करणार आहे? खरं उत्तर द्यायचं. धार लावायचा दगड घेऊन, कोन सांभाळून, दर महिन्याला पंधरा मिनिटं बसणारी माणसं आहेत, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण बहुतेक घरांत ते होत नाही. त्यात पुठ्ठ्यासारखा धारेचा शत्रू नाही. तो मऊ दिसतो, पण त्यात माती, खनिजाची भुकटी, गोंद, रद्दीतून आलेले नाना कण असतात. दहा-बारा मोठी खोकी चिरली की चांगल्या पात्याची धारही उतरते. तेव्हा आपल्यासारख्यांनी पातं बदलता येईल असा चाकू घ्यावा, आणि पातं बदलणं इतकं सोपं असावं की आळस आडवा येऊ नये.

याच अडचणीतून एका माणसाला एक सुंदर युक्ती सुचली. जपानमध्ये योशिओ ओकादा कागद कापायच्या कामावर होते. तेव्हा दाढीचं ब्लेड वापरत. ब्लेडचं टोक बोथट झालं की उरलेलं अख्खं ब्लेड फेकून द्यायचं. ही नासाडी त्यांना खुपत होती. चांभार काचेचा तुकडा वापरताना धार गेली की काच फोडून नवी कड काढत, ते त्यांच्या मनात होतं. शिवाय अमेरिकी सैनिकांकडच्या चॉकलेटच्या वड्यांवर तुकडे मोडण्यासाठी खाचा असत, त्याही त्यांना आठवल्या. दोन्ही एकत्र आलं आणि 1956 साली खाचा पाडलेलं, टोकाचा तुकडा मोडून टाकायचं पातं तयार झालं. पुढे कंपनीचं नावही त्यावरूनच पडलं: 'ओरु' म्हणजे मोडणं, 'हा' म्हणजे पातं, त्यातून 'ओल्फा'. आज आपण ज्याला नुसतं कटर म्हणतो ते हेच. असे कटर आता कितीतरी कंपन्या करतात.

हे कटर मुख्यतः दोन मापांत मिळतात: पात्याची रुंदी 9 मिलिमीटर आणि 18 मिलिमीटर. 9 चं पातं पातळ असतं, कागद, पाकिटं, चिकटपट्टी, मुलांचं हस्तकलेचं काम यांना ते छान. पण जाड पुठ्ठ्यात घातलं की ते वाकतं, रेषा सोडून भलतीकडे जातं, आणि वाकलेलं पातं टचकन मोडू शकतं. 18 चं पातं जाड आणि ताठ असतं, पुठ्ठा, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, दोऱ्या, जुनं सतरंजीचं कापड, सगळ्याला पुरतं. घरात एकच ठेवायचा असेल तर मी 18 चा घेईन. लहान हवा म्हणून 9 चा घ्यायचा मोह होतो, पण घरातलं सगळ्यात जास्त काम पुठ्ठ्याचंच असतं.

आता हातात घेऊन काय बघायचं ते सांगते, कारण दिसायला सगळे सारखेच असतात.

आधी मूठ. चारही बोटं तिच्यावर बसली पाहिजेत. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचा छोटा चाकू बंद असताना फक्त 58 मिलिमीटरचा असतो. तो दोन बोटांत धरायचा, दोरा कापायचा, पाकीट फोडायचं, त्या कामाला उत्तमच आहे. पण त्यानं पुठ्ठा चिरायला गेलात तर तो बोटांत फिरतो. आटोपशीर म्हणजे खिशात मावेल एवढा, पण मुठीत भरेल एवढाही हवा.

मग पातं बाहेर काढायचं आणि दोन बोटांच्या चिमटीत सपाट बाजूनं धरून डावीकडे-उजवीकडे हलवून बघायचं. खुळखुळतंय? ठेवून द्या. पातं ज्या खोबणीतून सरकतं ती धातूची असावी. नुसत्या प्लॅस्टिकची खोबण काही महिन्यांत सैल होते.

त्यानंतर खटका, आणि याला मी सगळ्यात जास्त वेळ देते. पातं दोन-तीन खणांएवढं (दोन खाचांमधला तुकडा म्हणजे एक खण) बाहेर काढा, खटका बसू द्या, आणि जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर टोक टेकवून हळूहळू दाबा. पातं आत सरकलं तर तो चाकू घरात आणू नका. काही कटरांना आपोआप बसणारा खटका असतो, सोडला की अडकतो. काहींना फिरवून आवळायची चकती असते. चकतीनं पकड जास्त घट्ट येते, पण ती आवळायची आठवण ठेवावी लागते, आणि घाईत आपण नेमकं तेच विसरतो. घरासाठी आपोआप बसणारा बरा.

घरात कुणी डावखुरं असेल तर बटण कुठे आहे ते त्या माणसाच्या हातात देऊन बघा. बटण मुठीच्या पाठीवर असेल तर दोन्ही हातांना चालतं. बऱ्याच कटरांत पातं उलटं करूनही बसवता येतं. डावखुऱ्या माणसाला उजव्या हाताची वस्तू देऊन "सवय होईल" म्हणणं मला पटत नाही, निदान धारेच्या वस्तूबाबत तरी नाही.

दुसरा प्रकार समलंब पात्याचा. जाड, आखूड पातं, दोन्ही टोकांना धार, एक बाजू गेली की फिरवून दुसरी. ब्रिटनमध्ये कुठल्याही कंपनीचा असला तरी लोक त्याला स्टॅन्ली नाइफ म्हणतात. हे पातं सहजासहजी मोडत नाही, वाकत नाही. जड काम फार असेल, फरशीचं आवरण कापायचं असेल, तर हा घ्या. पातं बदलायला स्क्रू काढावा लागणार असेल तर मात्र नको. स्क्रू-ड्रायव्हर शोधण्यापेक्षा आपण बोथट पात्यावरच भागवतो.

ज्यांच्या घरी खोकीच खोकी येतात, त्यांच्यासाठी आणखी एक प्रकार आहे. पातं वस्तूतून बाहेर आलं की आपोआप आत जातं, बोट बटणावर असलं तरीही. गोदामांत हे वापरतात. वयस्कर माणसं, हात थरथरणारी माणसं, यांच्या घरात हा चाकू मला मनापासून योग्य वाटतो.

घडीच्या चाकूबद्दल थोडंच सांगते. फ्रान्समधल्या जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये केलेला लाकडी मुठीचा साधा चाकू आजही मिळतो. त्याला 1955 पासून फिरवायची कडी आहे, ती फिरवली की पातं अडकून बसतं. घडीचा घ्याल तर असं काहीतरी अडकवणारं असू द्या. जुन्या धाटणीच्या घडीच्या चाकूत पातं फक्त स्प्रिंगच्या ताणावर उभं असतं. टोचायला किंवा पाठीवर दाबायला गेलात की ते बोटांवर मिटतं. शिवाय घडीच्या चाकूला धार तुम्हालाच लावायची आहे, हे आधी मान्य करा. आणि कुठलाही चाकू किल्ल्यांना अडकवलेला असेल तर विमानतळावर जाण्याआधी काढून ठेवा, केबिनमध्ये तो नेता येत नाही.

कटरचं पातं घडीच्या चाकूच्या पात्यापेक्षा कठीण असतं, म्हणून ते ठिसूळही असतं. तसं असल्यामुळेच ते खाचेवर सरळ मोडतं. पण याच कारणानं त्यानं डब्याचं झाकण उचकटू नका, स्क्रू फिरवू नका. मोडलेला तुकडा उडतो तो डोळ्याकडेही उडतो.

खोकं उघडताना पातं अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त बाहेर काढायची गरज नसते. चिकटपट्टी केवढीशी जाड! लांब पातं आतल्या वस्तूवर चरे पाडतं. जाड पुठ्ठा एका दमात चिरू नका, त्याच रेषेवरून तीन-चारदा हलकेच ओढा. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे असू द्या, पातं जिकडे चाललंय तिकडे कधीच नको. माझ्या बोटानं हे शिकवलंय. चिकटपट्टीचा गोंद पात्यावर बसला की धार असूनही ते अडतं, तेव्हा थोडं तेल लावलेल्या फडक्यानं पाठीकडून धारेकडे पुसा.

कागद अलगद कापला जात नाही असं दिसलं की तुकडा मोडायचा. बोटांनी मोडू नका. बऱ्याच कटरांच्या मागच्या टोकाला काढता येणारी टोपी असते, तिच्यातल्या फटीत तुकडा अडकवून खाचेवर वाकवायचा. टोपी नसेल तर पक्कड घ्या. एकच खण बाहेर काढा, पातं स्वतःपासून दूर, तोंड खाली करून, खाचांची बाजू वर राहील असं, आणि शक्यतो फडक्याखाली मोडा.

आता हे तुकडे कुठे टाकायचे? कचऱ्याच्या पिशवीत मोकळे कधीच टाकू नका. ती पिशवी उघड्या हातांनी उचलणारं कुणीतरी असतं, आणि त्या माणसाला आत काय आहे ते ठाऊक नसतं. मी एक पत्र्याचा छोटा डबा घेतलाय. झाकणाला एक चीर पाडली, झाकण चिकटपट्टीनं पक्कं बंद केलं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पाती. कटर त्याच्याच शेजारी, वरच्या फळीवर असतो. आता कुणी पुठ्ठा चिरायला घेतलं की आधी वहीचा कागद काढतं, आणि थोड्या वेळानं त्या डब्यात तुकडा पडल्याचा टण् असा आवाज येतो.

नमस्कार.